खोका तापतो, दोष कोणाचा?

(बी. कॉम. भाग २)

आपल्याकडे एखादी वस्तू बिघडली की आपण ती "गेली" असे म्हणतो. माणूस जातो तसा पंखा जातो, घड्याळ जाते, मोटार जाते. या "गेली" शब्दात मोठी सोय आहे. गेलेल्याविषयी फार प्रश्न विचारायचे नसतात. का गेली, कशाने गेली, कोणाच्या हातून गेली, ही चौकशी कोणी करीत नाही. खिशात हात घालायचा आणि नवी वस्तू आणायची, एवढेच उरते. गेल्या मे महिन्यात आमच्या घरातील टीव्हीचा खोका असाच "गेला". वास्तविक तो गेला नव्हता, केवळ तापत होता. परंतु हे कळायला मला जवळजवळ महिना लागला, आणि त्या महिन्यात मी जे शिकलो ते वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत मला सापडले नव्हते. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम आमचे घर सांगितले पाहिजे, नाहीतर एका क्षुल्लक खोक्यासाठी हा मुलगा एवढी पाने का खर्च करतो आहे, असे वाचकांना वाटेल. माझे गाव तलमडुगु, जिल्हा आदिलाबाद. गाव तेलंगणात आहे, पण पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा मराठी बाजूला गेले आणि आमचा भाग तेलुगू बाजूला राहिला. नकाशा बदलला, परंतु घरातील भाषा एका रात्रीत बदलत नाही. आमच्या घरी वडिलांकडून मराठी आहे. आई अक्कलकोटकडची, तिची माहेरची भाषा कन्नड. धाकटी बहीण तेलुगू माध्यमात शिकते. मी मराठी शाळेत शिकलो आणि मामांच्या आधाराने आज सोलापुरात तुमच्याबरोबर बसतो आहे. बाजारात तेलुगू, देवघरात मराठी आणि आईच्या ओव्यांत कन्नड, असा आमचा संसार आहे.

या संसाराला एकत्र बसविणारी वस्तू म्हणजे तो खोका, ज्याला गावात सगळेच "सेटअप बॉक्स" म्हणतात. छपरावर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आहे. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि तिला महिन्याचे भाडे नाही, हे आमच्यासारख्या कापूसवाल्यांच्या दृष्टीने तिचे सर्वात मोठे वैशिष्ट्य. त्या एकाच छत्रीतून आजीला "सह्याद्री" मिळते, आईला "चंदना" आणि बहिणीला "यादगिरी". आजी पंच्याहत्तरीची आहे. गुडघ्यांमुळे तिचे बाहेर जाणे थांबले आहे. संध्याकाळच्या मराठी बातम्या आणि अभंग हेच तिचे गाव, हेच तिचे नातेवाईक. आजीच्या माहेरची माणसे नदीपलीकडे आहेत, तेथे पाऊस पडला की नाही हे तिला त्या बातम्यांतूनच कळते. तेव्हा खोका बंद पडणे म्हणजे आमच्या घरी करमणूक बंद पडणे नव्हे. एका वृद्ध बाईची खिडकी बंद होणे आहे.

मी सुटीत घरी पोहोचलो तेव्हा ती खिडकी रोज संध्याकाळी बंद होत होती. लावल्यावर अर्धा तास सर्व सुरळीत चाले. मग चित्राचे चौकोनी तुकडे पडत, आवाज अडखळे, आणि शेवटी निवेदिकेचे तोंड अर्धवट उघडे असतानाच चित्र गोठून जाई. रिमोट दाबून उपयोग नाही. खोक्याला हात लावला तर भाकरीच्या तव्याची आठवण व्हावी. बटण बंद करून जेवणे उरकली की पुन्हा चालू होई आणि पुन्हा अर्ध्या तासाने तीच कथा.

आदिलाबादहून एक टीव्हीवाला येऊन गेला होता. त्याने खोका हातात घेतला, कानाजवळ धरून हलवला आणि वडिलांना सांगितले, "काका, हा बॉक्स गेला. नवीन घ्या. चौदाशेत बसवून देतो." खोका उघडून पाहिला नाही, तारेला हात लावला नाही, छपरावर चढला नाही. येण्याजाण्याचे दोनशे रुपये मात्र घेतले. त्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याला रोज अशा दहा घरी जायचे असते आणि शोध घेण्याचे पैसे कोणी देत नाही, विकण्याचे देतात. वडिलांनी चौदाशे रुपयांची जुळवाजुळव सुरू केली होती. मे महिना हा बियाण्याचा महिना. त्या महिन्यात शेतकऱ्याच्या घरात चौदाशे रुपये कोठून येतात आणि किती टक्क्यांनी येतात, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. विजेचा आणि माझा संबंध बटणापुरता. परंतु आमच्या शाखेने मला एक गोष्ट शिकविली आहे. तेरीज जुळली नाही तर काय करावे? चांगला हिशेबनीस एकेक नोंद तपासतो. आळशी हिशेबनीस फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो आणि घरी जातो. तेरीज जुळल्यासारखी दिसते, पण चूक जिथल्या तिथे असते. कारण न शोधता नवा खोका आणणे म्हणजे नेमके हेच नव्हे काय? चौदाशे रुपये सस्पेन्स खात्यात टाकायचे आणि तेरीज जुळली असे समजायचे. ज्या कारणाने जुना खोका तापला त्याच कारणाने नवाही तापणार, आणि पुढच्या मे महिन्यात आपण पुन्हा म्हणणार, "गेला."

म्हणून मी वडिलांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

पहिला प्रश्न असा होता की दोष खरोखर उष्णतेचा आहे काय? चित्र तुटण्याची कारणे अनेक. छत्री हलली तरी चित्र तुटते, आभाळ भरून आले तरी तुटते. आपल्यापासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावर असलेल्या उपग्रहाकडे छत्रीचे तोंड नेमके असावे लागते. परंतु छत्री हलली असती तर चित्र सुरुवातीपासूनच आले नसते. ते अर्धा तास नीट येऊन मग बिघडते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुधारते, याचा अर्थ दोष वेळेशी, म्हणजेच तापण्याशी बांधलेला आहे. तरीही खात्री हवी म्हणून मी टेबलफॅन आणून खोक्यासमोर लावला. त्या संध्याकाळी चित्र दोन तास अखंड चालले. मग पंखा बंद केला. वीस-पंचवीस मिनिटांत निवेदिका पुन्हा तोंड उघडून गोठली. आजी म्हणाली, "आता त समजलं ना पोरा? मंग पंखा चालूच ठेव न." व्यवहाराच्या दृष्टीने तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण पंखा हा उपाय नव्हता, ती केवळ साक्ष होती.

आता दुसरा प्रश्न. खोक्यात ही उष्णता येते कोठून आणि जात का नाही? भौतिकशास्त्राच्या मित्रांना हे ठाऊकच असेल, परंतु मला नव्याने कळले. असा खोका जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सर्व शेवटी उष्णतेतच बदलते. त्याला ना पाते फिरवायचे असते, ना पाणी उपसायचे असते. दहा वॅट वीज घेतली तर दहा वॅटची छोटीशी शेगडीच ती. शेगडी लहान असली तरी तिची ऊब बाहेर गेली पाहिजे, म्हणून खोक्याला वर, खाली आणि बाजूंना फटी ठेवलेल्या असतात. गरम हवा वरून जाते आणि थंड हवा खालून येते. आमच्या गावी मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, त्यात टिनाचे छत. म्हणजे "थंड" हवाच मुळी चाळिशीची. त्यावर बंद जागेची ऊब आणि त्यावर खोक्याची स्वतःची ऊब. आतल्या चिपला किती सोसावे लागत असेल, याची बेरीज तुम्हीच करा.

आणि आमचा खोका ठेवला होता कसा? लाकडी शोकेसमध्ये, पुढे काच, मागे भिंत. खाली स्टॅबिलायझर, जो स्वतःच गरम होतो. म्हणजे शेगडीवर शेगडी. आणि खोक्यावर आजीने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल, दुहेरी घडीचा, चारी कोपऱ्यांना मोर. वरच्या सगळ्या फटी त्या मोरांनी झाकल्या होत्या. या खोक्याचे आमच्या घरात फार लाड होते, आणि त्या लाडांनीच त्याचा श्वास कोंडला होता.

रुमाल काढायचा म्हटल्यावर आजी म्हणाली, "पोरा, उघडं ठेवलं त धूळ नाही बसत का?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, हे मला नंतर कळले. कारण मी रुमाल उचलून फटींवर उजेड धरला तेव्हा आत कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा एक थरच दिसला. आमच्या घरात कापूस साठवतात. ते तंतू रुमालाने अडवले नव्हते, आणि हवा मात्र अडवली होती. खोका बंद करून, प्लग काढून, मऊ कोरड्या ब्रशने मी फटी साफ केल्या. मग तो शोकेसबाहेर, भिंतीपासून वीतभर दूर, एका लाकडी फळीवर ठेवला. स्टॅबिलायझर जमिनीजवळ गेला.

येथे एक चूक माझ्याकडून झाली, ती कबूल करतो. मी सर्व गोष्टी एकाच दिवशी बदलल्या. रुमाल काढला, धूळ झाडली, जागा बदलली, स्टॅबिलायझर हलवला. खोका सुधारला, पण कशाने सुधारला हे सांगता येईना. दहा नोंदी एकदम खोडल्या तर तेरीज जुळेलही, पण चूक कोणती होती हे कळणार नाही. आजीने हाच मुद्दा काढला, "रुमालानंच झालं हे कशावरून?" मग दुसऱ्या दिवशी न्यायाच्या भावनेने मी रुमाल एकटाच परत घातला. पाऊण तासात चित्र तुटले. रुमाल काढून खोका पुन्हा स्टॅबिलायझरवर ठेवला, सव्वा तासात तुटले. शोकेसमध्ये काच लावून ठेवला, तासाभरात तुटले. तेव्हा निकाल असा लागला की तिघेही आरोपी दोषी आहेत, मात्र रुमालाचा वाटा सर्वात मोठा. आजी दोन दिवस माझ्याशी कमी बोलली.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दुपारी रात्रीपेक्षा अधिक उकाडा असूनही त्रास संध्याकाळी अधिक होता. याचे कारण व्होल्टेज. संध्याकाळी गावात सगळीकडे दिवे, पंखे आणि कूलर लागतात आणि दाब खाली येतो. आपला सामान्य समज असा की कमी दाबाने वस्तू मंद चालते, म्हणजे कमी तापेल. जुन्या पद्धतीच्या दिव्याबद्दल हे खरे आहे. परंतु आजच्या खोक्यांतील वीजपुरवठ्याचा भाग आतल्या सर्किटाला ठराविक वीज पुरविण्यासाठी बनविलेला असतो. बाहेरून दाब कमी मिळाला तर तो तेवढीच वीज मिळविण्यासाठी प्रवाह अधिक ओढतो, आणि अधिक प्रवाह म्हणजे त्या भागात अधिक ताप. गरिबाच्या मजुरीसारखेच आहे हे. दर कमी झाला की तास वाढवावे लागतात, आणि झीज तासांनी होते.

मुदत संपली तेव्हा खोका रोज चार तास चालत होता. चौदाशे रुपये बियाण्याकडे वळले. माझी छाती फुगली. आणि जूनच्या पहिल्याच पावसानंतर खोका पुन्हा तापला.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या मासिकांतील बरेच लेख पहिल्या यशावरच संपतात. आता खोका उघड्या फळीवर होता, रुमाल नव्हता, हवाही निवली होती. तरीही तो तव्यासारखा! वडील काही बोलले नाहीत, पण पाकिटाकडे त्यांचा हात गेला. माझे पहिले निदान खोटे होते काय? नाही, पण अपुरे होते. खोक्यातून छत्रीकडे जाणारी तार केवळ चित्र आणीत नाही, हे मला ठाऊक नव्हते. छत्रीच्या दांड्यावर जी डबी असते, जिला मेकॅनिक मंडळी एल.एन.बी. म्हणतात, तिला लागणारी वीज खोकाच त्याच तारेतून पाठवितो, १३ किंवा १८ व्होल्ट. त्या तारेत कोठे पाणी शिरले, आतली तार बाहेरच्या जाळीला टेकली, तर वीज मधल्या मध्ये गळू लागते आणि खोका बिचारा ती गळती भरून काढता काढता तापतो.

मी खोक्याचा प्लग काढला, छत्रीची तार सोडवली आणि खोका एकटाच तासभर चालू ठेवला. थोडी उष्णता तर कमी होणारच, कारण डबीचे ओझे गेले. पण फरक थोडा नव्हता. खोका जवळजवळ निवला. दोष घरात नव्हता, छपरावर होता. तेथे टिनाच्या कडेवर घासून तारेचे काळे आवरण बोटभर फाटले होते आणि आत हिरवट गंज आला होता. तेवढा भाग कापून टाकला, नवे टोक बसविले आणि त्यावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. तार घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी झोळातून ठिबकून जाईल, तारेबरोबर आत येणार नाही. एकूण खर्च साठ रुपये. आज तो खोका चालू आहे. नवा खोका घेतला असता तर या फाटक्या तारेने पहिल्याच पावसात त्याचीही तीच गत केली असती. सस्पेन्स खाते म्हणतो ते हेच.

वाचकहो, आता या कथेतून मला जे म्हणावयाचे आहे त्याकडे येतो.

खोक्याबरोबर एक छोटी पुस्तिका आली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेली. तीत दुसऱ्याच पानावर लिहिले होते की फटी झाकू नयेत, बंद कपाटात ठेवू नये, गरम वस्तूवर ठेवू नये. म्हणजे आमचा सारा गुन्हा तेथे आधीच छापलेला होता! मात्र तो इंग्रजीत होता. मी मराठी माध्यमातून आलेला, पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा मुलगा. मलाही ते पान शब्दकोश घेऊन वाचावे लागले. आजीने रुमाल विणला तेव्हा तिला ते कोणी सांगणार होते? जो खोका मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा घरात आणतो, त्याला स्वतःविषयी चार वाक्ये त्या भाषांत सांगता येऊ नयेत, ही केवढी विसंगती! तेव्हा "दोष कोणाचा?" या माझ्या शीर्षकाचे उत्तर मी आजीचा असे देणार नाही. रुमालाने श्वास कोंडला हे खरे, पण रुमाल मायेचा होता. ज्ञान तिच्यापर्यंत तिच्या भाषेत पोहोचविण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ते पोहोचविले नाही. त्यांत कारखानदार आले, विकणारे आले, बसवून देणारे आले, आणि मित्रांनो, आपण शिकलेले लोकही आलो.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात आपल्या देशात उपग्रहाद्वारे खेड्यांना दूरदर्शन दाखविण्याचा "साइट" नावाचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासा या संस्थेचा ए.टी.एस.-६ हा उपग्रह त्यासाठी वर्षभर मिळाला होता. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत संच बसविले गेले. त्यांत कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे आपल्या शेजारचे जिल्हे होते आणि कार्यक्रम कन्नडमध्ये येत. संच हैदराबादच्या ई.सी.आय.एल.ने बनविले होते आणि प्रत्येकाला जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री होती. शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत सारे गाव जमून ते पाही. खेड्यातील धूळ, ऊन आणि विजेची अनिश्चितता संचांना भोगावी लागणार हे तेव्हाच्या मंडळींनी गृहीत धरले होते, आणि म्हणून देखभालीची व्यवस्था हा त्या प्रयोगाचाच एक भाग होता. आज संच पंचायतीतून घराघरांत आले. ही प्रगतीच आहे. परंतु संच घरोघर आले आणि देखभाल मात्र कोणाचीच राहिली नाही. तेव्हा एका गावात एक संच होता आणि तो सांभाळण्याची जबाबदारी कोणावर तरी होती. आज गावात पाचशे संच आहेत आणि जबाबदारी "नवीन घ्या" या दोन शब्दांवर आहे.

काही मित्र म्हणतील, चौदाशे रुपयांसाठी महिना घालविणे हे कोणते अर्थशास्त्र? तुझ्या वेळेची किंमत धरली तर नवा खोका स्वस्त पडला असता. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. एकट्याचा हिशेब मांडला तर तो खराही आहे. परंतु जे मी शिकलो ते एका घरापुरते राहत नाही. आमच्या आळीतील आणखी चार घरांत खोक्यांवर रुमाल होते, दोन घरांत खोका शोकेसमध्ये कोंडलेला होता. ज्ञानाचा खर्च एकदाच होतो आणि उपयोग अनेकदा, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये.

दुसरा आक्षेप असा की प्रत्येकाने पेचकस घेऊन खोके उघडावेत काय? मुळीच नाही. मी स्वतः खोका उघडला नाही. प्लग काढल्यावरही आतल्या काही भागांत वीज साठून राहते आणि ती झटका देऊ शकते. आतील कॅपॅसिटर फुगला असेल, जळका वास येत असेल, तर जाणत्या कारागिराकडेच जावे. माझे म्हणणे एवढेच की उघडण्यापूर्वी बाहेरून करण्यासारखे पुष्कळ असते, आणि कारागिराकडे जाताना "गेला" असे सांगत जाऊ नये, "अर्ध्या तासाने तापतो, पंखा लावला की सुधारतो, तार काढली की निवतो" असे सांगत जावे. मग तोही हलवून पाहून निकाल देणार नाही.

आपण घसारा शिकतो. वापर, काळ आणि नवे शोध यांमुळे वस्तूचे मूल्य घटते असे लिहितो आणि दरसाल ठराविक टक्के वजा करतो. परंतु तो घसारा कशाचा बनलेला असतो, हे मला या खोक्याने दाखविले. अशा यंत्रांतील कॅपॅसिटरविषयी तंत्रज्ञांचा एक ढोबळ नियम आहे, दर दहा अंश उष्णता वाढली की आयुष्य निम्मे होते. म्हणजे आजीच्या रुमालाने वीस अंश वाढविले असतील तर आठ वर्षांचा भाग दोन वर्षांत संपेल. घसाऱ्याचा दर पुस्तकात छापलेला असतो, पण तो आपल्या हातात थोडाफार तरी असतो. विजेचाही हिशेब पाहा. रिमोटने बंद केलेला खोका बहुधा खरा बंद नसतो, लाल दिवा जळत असतो आणि आत ऊब चालूच असते. समजा तो आठ वॅट घेतो. वर्षभर चोवीस तासांचे सुमारे ७० युनिट झाले. भिंतीवरील बटण बंद करण्याची सवय लावून रोज पाच तासच चालू ठेवला तर १५ युनिटही होत नाहीत.

शासनालाही दुरुस्तीचे महत्त्व उशिरा का होईना पटू लागले आहे. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्यासाठी संकेतस्थळही उघडले. हे स्वागतार्ह आहे. परंतु हक्क कागदावर आला आणि कारण शोधण्याची सवय घरात आली नाही, तर तो हक्क मागणार कोण?

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती मराठी विभागाइतकीच कन्नड विभागातील मित्रांनाही आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी खेड्यात जातो, रस्ते झाडतो, भिंतींवर सुविचार लिहितो. यंदा आपण एक पानाचे पत्रक करू या. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. खोका, स्टॅबिलायझर, मिक्सर, पाण्याची मोटार, यांविषयी प्रत्येकी चार वाक्ये. काय झाकू नये, काय पुसावे, कोठे हात घालू नये, बिघडल्यावर काय पाहावे. मजकूर विज्ञान शाखेने तपासावा, हिशेब आम्ही मांडू, भाषा साहित्याच्या मित्रांनी सोपी करावी. प्राध्यापक मंडळींनी यात लक्ष घातले तर ते पत्रक एका शिबिरापुरते राहणार नाही.

आमच्या घरी असे पत्रक झाले आहे. मी मराठीत लिहिले, आईने कन्नडमध्ये आणि बहिणीने तेलुगूत. तिन्ही कागद फळीच्या वर भिंतीला चिकटविले आहेत. आजीला वाचता येत नाही, पण त्यांत काय आहे ते तिला पाठ आहे, आणि शेजारणीला ती आता अधिकाराने सांगते, "वरून झाकू नको वो, त्याले गरम होते." मोरांचा रुमाल तिने धुऊन, घडी उलगडून खोक्याच्या फळीखाली लोंबता लावला आहे. फटी मोकळ्या राहतात आणि मोरही दिसतात. मी सोलापूरला निघालो त्या संध्याकाळी बातम्या शेवटपर्यंत चालल्या. यवतमाळकडे पाऊस झाला होता.